उरलेल्या निखाऱ्यांवरचा ब्रेड

शनिवारची पहाटेची कसारा लोकल. चार जण, चार सॅक, दोन तंबू आणि एक भन्नाट आयडिया! दर ट्रेकला तेच ते... मॅगी, ठेपले आणि तळाशी चुरा झालेला चिवडा. या वेळी आम्ही ब्रेड भाजणार होतो. तोही ओव्हनशिवाय, स्वत:च्या हाताने. पाव कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतो हे आम्हालाही माहीत होतं. पण आठवडाभर कीबोर्ड बडवून झाला, की काहीतरी खरंखुरं, हातात धरता येईल असं करावंसं वाटतंच ना?

कसाऱ्याहून जीपने इगतपुरी, घोटी करत भंडारदरा गाठलं. प्रवरा नदीवरचं इथलं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्यामागे पसरलेलं पाणी म्हणजे आर्थर लेक आणि त्याच्या पार दुसऱ्या टोकाला रतनवाडी. काळ्या दगडातलं कोरीव अमृतेश्वर मंदिर, शेजारी पुष्करणी आणि मागे रतनगड. गडावरच्या कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. डिसेंबरातली स्वच्छ हवा होती. मूड एकदम सही!

हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला. जंगलात जाळ करायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. म्हणून गावातल्या एका मावशींच्या अंगणात तंबू ठोकले आणि अंगणातली चूल वापरू का, असं विचारलं. ‘वापरा की,’ त्या म्हणाल्या.

आमचा ओव्हन म्हणजे घरातलं एक जुनं, जाड बुडाचं पातेलं. आत तीन चपटे दगड, त्यांच्यावर स्टीलचा पसरट डबा, वर झाकण म्हणून स्टीलची थाळी. फंडा सोपा आहे. डबा पातेल्याच्या बुडाला टेकला तर ब्रेड खालून करपतो. दगडांमुळे मध्ये हवा राहते आणि ती तापलेली हवा ब्रेडला सगळीकडून भाजते.

अर्धा किलो मैदा, दोन छोटे चमचे इन्स्टंट यीस्ट, दोन चमचे साखर, दीड चमचा मीठ, थोडं तेल आणि साधारण तीनशे मिलिलिटर कोमट पाणी. दहा मिनिटं दाबून मळलं आणि झाकून ठेवलं. तास झाला तरी पीठ ढिम्म! थंडीत यीस्ट आळसावतं. शेवटी आमच्यातला एक जण डबा पोटाशी घेऊन स्लीपिंग बॅगमध्ये शिरला. पुढच्या तासाभरात पीठ दुप्पट फुगलं आणि तो मस्त घोरायला लागला.

मग दुपारी चूल पेटवली. पातेलं ठेवलं आणि लाकडं सारत राहिलो. जाळ मोठा तर ब्रेड लवकर, असा आमचा साधा हिशेब. तासाभराने झाकण काढलं. खालून कोळसा, वरून पांढराफटक आणि मध्ये कच्चा लगदा! आम्ही पोट धरून हसलो, मोबाइलवर फोटोही काढले.

मावशी दारात उभ्या होत्या. ‘पोरी, खालून एवढा जाळ घातलास, वरून कोन भाजनार? झाकनावर आर ठेवायचा.’ आर म्हणजे निखारे. मी मान डोलावली. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीकडे गेली आणि तिच्यामागोमाग माझी.

सकाळी भिंतीला टेकलेली लाकडाची मोळी निम्मी झाली होती.

‘किती दिवसांची होती, मावशी?’

‘चार दिस गेले असते,’ त्या सहज म्हणाल्या. तक्रार नाही, टोमणा नाही. पण आमचं हसणं तिथेच थांबलं. ती मोळी त्यांनी डोक्यावरून आणली होती आणि त्यातली निम्मी आम्ही एका फसलेल्या ब्रेडवर उडवली होती. मी पर्स काढली. त्यांनी हात झटकला. ‘पैशे लावून चूल पेटती व्हय?’

संध्याकाळी त्या नागलीच्या भाकरी थापायला बसल्या आणि मी शेजारी जाऊन बसले. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यांपुढे शेकली... दोन-तीन मिनिटांत एक भाकरी तयार. पाच माणसांचं जेवण मोजक्या काटक्यांत! तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाकरी पातळ असते, आच थेट आतपर्यंत जाते. ब्रेड जाड, त्याच्या पोटात आच पोचायला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे जळण. बेकरीवाल्याला ते परवडतं, कारण एकदा तापलेल्या भट्टीत तो घाण्यामागून घाणे पाव काढतो. एका ब्रेडसाठी चूल पेटवणं म्हणजे एका माणसासाठी अख्खी बस सोडणं! सरपण डोक्यावरून आणावं लागतं तिथे भाकरी हाच शहाणपणा आहे.

जेवणं झाली. चुलीत लालबुंद निखारे राहिले होते. मावशी त्यांच्यावर राख ओढणार, तेवढ्यात मी विचारलं, ‘हे आम्ही घेऊ?’

‘घ्या. उरलेलाच हाय.’

सॅकमध्ये मैद्याची दुसरी पिशवी होती आणि हरल्यासारखं परत जायचं नाही म्हणून पीठ संध्याकाळीच मळून ठेवलं होतं. या वेळी एकही नवं लाकूड नाही. पातेल्याखाली थोडे निखारे, झाकणावर त्याहून जास्त. मग वाट बघायची, बस्स. तंबूबाहेर आकाश ताऱ्यांनी गच्च भरलेलं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत असा वास सुटला की घोरणारा मित्रही उठून बसला!

ब्रेड उलटा करून बुडावर टकटक केलं. पोकळ आवाज आला, म्हणजे झाला. दहा मिनिटं निवू दिला आणि लसणाच्या चटणीबरोबर तोडून खाल्ला. एका बाजूने जरा काळा, पण आतून मऊ, जाळीदार. मावशींनी एक तुकडा चघळला. ‘बरा हाय. पन ह्यानं पोट नाय भरायचं.’

सकाळी निघताना उरलेला शिधा त्यांच्यापुढे ठेवला. तांदूळ, चहा, साखर त्यांनी ठेवून घेतली. मैद्याची पिशवी मात्र हसत माझ्या हातात परत दिली.

तुम्हालाही ट्राय करायचंय?

दगड कोरड्या जागेचेच घ्या. नदीतल्या ओल्या दगडात अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की तो फुटू शकतो. नॉनस्टिक भांडं किंवा जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नका, फार तापली की विषारी धूर निघतो. चूल नसेल तर छोट्या स्टोव्हवर जाड बुडाचा कुकर चालतो. तळाशी मिठाचा थर, त्यावर डबा, झाकणाची शिटी आणि रिंग काढलेली, पाणी अजिबात नाही आणि आच मंद. निखारे वापरलेत तर शेवटी पाणी ओतून पूर्ण विझवा.

आणि कुणाच्या अंगणात उतरलात, तर आधी त्यांचा स्वयंपाक होऊ द्या. ब्रेडला उरलेली आच पुरते.