अडकलेले दार, अडकलेले झाकण

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. जेवणे आटोपून आम्ही पंचवटीतल्या आमच्या घरात मंडळाच्या जमाखर्चाची वही घेऊन बसलो होतो. तोच अमेरिकेहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. एरवी ती "जयभीम मामा, जेवलात का?" असे विचारून निवांत बोलते. त्या दिवशी मात्र घाईत होती.

"मामा, आमच्या ओव्हनचं दार अडकलंय. चार वाजता पाहुणे येणार आहेत. काय करू?"

आम्ही पडलो बी. कॉम. झालेले कारकून. तसला ओव्हन आम्ही कधी हाताळलेला नाही. पण वस्तीत कुणाचा पंखा बंद पडला, मिक्सर अडला, की आम्हालाच हाक येते. भाची आमच्याच घरात शिकून मोठी झाली. तिलाही तीच सवय.

तिने सांगितले ते असे. हा ओव्हन स्वतःच स्वतःला साफ करतो. साबण लागत नाही, घासणी लागत नाही. बटण दाबले की आतली उष्णता सुमारे ४८० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. चिकटलेले तेल, सांडलेले अन्न जळून त्याची राख होते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ साली अमेरिकेत असा ओव्हन बाजारात आणला. साफसफाई चालू असताना चुकून कुणी दार उघडू नये म्हणून एक छोटी मोटर आतून खिटी लावते. भाचीच्या ओव्हनची साफसफाई तासाभरापूर्वी संपली होती, पण खिटी सुटत नव्हती. तिच्या मागे जावईबापू स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराच्या फटीत घालण्याच्या तयारीत उभे होते.

आम्ही ओरडलोच, "थांबा! हात लावू नका!"

आमच्या आवाजाने आतल्या खोलीत झोपलेली आई उठून आली. काय झाले ते तिने ऐकून घेतले. मग काही न बोलता तिने चोळीची बाही वर सारली आणि उजवा हात फोनपुढे धरला. कोपरापासून मनगटापर्यंतचा तो डाग भाचीने लहानपणापासून पाहिलेला आहे. जावईबापूंनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

तो डाग आमच्यामुळे पडला आहे. २००८ सालची गोष्ट. नवीन नोकरी होती. निमाणी स्टँडवरून सव्वानऊची बस चुकली तर लेटमार्क ठरलेला. आईने कुकरमध्ये तुरीची डाळ लावली होती आणि झाकण उघडत नव्हते. आम्ही चमच्याने शिट्टी उचलून पाहिली. वाफ आली नाही. आम्हाला वाटले, कुकर निवला. आईला म्हटले, "तू नीट धर." आणि खलबत्त्यातला बत्ता घेऊन दांड्यावर दोन ठोके मारले. दुसऱ्या ठोक्याला झाकण छताला जाऊन आदळले आणि उकळती डाळ आईच्या हातावर आली. शेजारणीने घाईने टूथपेस्ट थापली. दवाखान्यात ती काढताना आईची कातडी निघाली. आम्ही शेजारीच उभे होतो.

पंधरा दिवसांनी तो कुकर दुरुस्तीला नेला. कारागिराने झाकण उजेडासमोर धरले. शिट्टीखालची नळी डाळीने गच्च भरली होती. म्हणून वाफ आली नव्हती. सेफ्टी व्हॉल्व्हही कुणीतरी पूर्वी चुकीचा बसवलेला निघाला. तो म्हणाला, "साहेब, झाकण अडकलं नव्हतं. आत जोर होता म्हणून ते धरून बसलं होतं. तुम्ही त्याला सोडायला लावलं."

त्या रात्री आम्ही आकडेमोड केली. कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो जादा दाब असतो. त्यामुळेच पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते आणि डाळ लवकर शिजते. झाकण २० सेंटिमीटर रुंद धरले, तर त्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे आतून तीनशे किलोंचा रेटा. पन्नास किलोंची सहा पोती गहू! आणि आम्ही आईला म्हणालो होतो, "नीट धर." डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये १६७९ साली वाफेच्या दाबावर शिजवणारे भांडे लोकांना दाखवले. त्या भांड्यालाही त्याने सेफ्टी व्हॉल्व्ह जोडला होता.

हे सारे डोक्यात होते, म्हणून भाचीला आम्ही एकच विचारले, "काच गरम आहे का?" ती म्हणाली, "हात ठेववत नाही." मग म्हटले, "आधी पुस्तिका काढ आणि मोठ्याने वाच." तिने वाचले. त्यात स्वच्छ लिहिले होते की आतली उष्णता पुरेशी उतरल्याशिवाय खिटी सुटणार नाही, दार जोराने ओढू नये. जोर केला तर खिटी वाकते, काचही फुटू शकते.

दोन तासांनी पुन्हा फोन आला. ओव्हन पूर्ण थंड झाला होता, तरी दार बंदच. पुस्तिकेतली पुढची सूचना अशी, की बोर्डावरचा ओव्हनचा ब्रेकर काही मिनिटे बंद ठेवून पुन्हा चालू करावा. तिने दहा मिनिटे बंद ठेवला. चालू करताच आत मोटर फिरल्याचा आवाज झाला, जावईबापूंनी दार तळहाताने हलके आत दाबले आणि खिटी सुटली. आत चिमूटभर राख होती. तेवढ्यानेही सुटले नसते तर खिटीची मोटर किंवा आतला फ्यूज गेला असे समजून मेकॅनिकच बोलवावा लागला असता.

आपल्या घरांत असा ओव्हन नाही, पण कुकर घरोघरी आहे. म्हणून आमच्या आया-बहिणींना आणि विशेषतः घाईत असणाऱ्या बंधूंना कळकळीने सांगतो. झाकण उघडले नाही तर प्रथम गॅस बंद करा. शिट्टीतून वाफ आली नाही म्हणजे दाब गेला, असे कधीही समजू नका. नळी तुंबल्याची शंका असेल तर कुकर हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत त्याला हलवूही नका. थंड झाल्यावरही झाकण घट्ट असेल तर आत हवा विरळ झालेली असते. शिट्टी काढा, बाहेरची हवा आत जाईल आणि झाकण सैल होईल.

रोज कुकर लावण्याआधी नळी उजेडात धरून आरपार पाहा. डाळ, तांदूळ फुगतात, म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरू नका. रिंग कडक झाली की बदला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या भोकात खिळा किंवा डाग ठोकून घेऊ नका, त्याच कुकरचा व्हॉल्व्ह घ्या. घरगुती कुकरला आयएसआय मार्क २०२१ पासून बंधनकारक आहे, तो पाहूनच कुकर घ्या. आणि भाजलेच तर पेस्ट, हळद काही लावू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे हात धरा आणि दवाखाना गाठा.

त्या दिवशी बस चुकली ती चुकलीच, आठ दिवस कामावरही जाता आले नाही. त्या वर्षी आम्हाला किती लेटमार्क पडले, ते आज आठवत नाही. आईचा हात मात्र रोज जेवण वाढताना समोर येतो.