पगाराचा आकडा

12 जून 2020
स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. सकाळीच आठवीच्या भूमितीचे व्हिडिओ टाकले होते. ते आत, मी बाहेर.

13 जून
शाळा चालवणाऱ्या करस्पाँडंट सरांना फोन केला. उचलला, हेच विशेष. "फीस आयी तो बुलाते मॅडम. पेरेंट्स देतेच नै." खरंही असेल. सरकारचा आदेश, जीओ 46, निघाल्यापासून यंदा फी वाढवायची नाही, महिन्याची ट्यूशन फी तेवढीच घ्यायची. तीही लोक देत नाहीत. मार्चचा पगार अर्धा आला होता. एप्रिल-मेचं विचारलं. "देखते." किती, कधी, काही नाही.
बाबांना सांगितलं. आईला अजून नाही.

17 जून
आईला कळलं. म्हणाली, म्हणजे सकाळचा डबा नको?

21 जून
बायोडाटा. पहिला 2009 मध्ये कोठीतल्या टायपिंगवाल्याकडून करून घेतला होता. तोच पिवळा कागद समोर ठेवून फोनवर नवा. बीएस्सी, विवेक वर्धिनी. बीएड. टीईटी, 2017. त्या जुलैनंतर तेलंगणात टीईटी झालेलीच नाही, म्हणजे मी अजून शेवटच्या बॅचची. भाषा: मराठी, तेलुगू, हिंदी, इंग्रजी. उर्दू बोलते, वाचता येत नाही. छंद: वाचन. इसामिया बाजारच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची दोन पुस्तकं मार्चपासून माझ्याकडेच पडून आहेत, तेव्हा खोटं नाही.
'अपेक्षित पगार' असा रकाना. जुना पगार लिहिला. खोडला. दोन हजार कमी करून लिहिला. तोही खोडला. रिकामा ठेवला तर साइट पुढे जाऊ देत नाही. शून्य टाकलं. गेली.

28 जून
बेगम बाजारच्या व्यापाऱ्यांनी आपण होऊन आठवडाभर दुकानं बंद केली. पुन्हा लॉकडाऊन लागणार म्हणून गल्लीत कुजबुज. वरच्या मारवाडी भाभींनी पाच किलो तूरडाळ भरली. आमच्यासाठीही आणू का विचारलं. आहे म्हणाले. नव्हती.

15 जुलै
उस्मानिया दवाखान्याच्या वॉर्डात पावसाचं पाणी. टीव्हीवर पाण्यात उभ्या खाटा. मुसीच्या काठावरच ती इमारत. आई म्हणाली, आता आजारी पडायचं तरी कुठे?

29 जुलै
ऑनलाइन शिकवणीच्या एका कंपनीत डेमो. विषय अपूर्णांक. समोर कॅमेरे बंद केलेले तिघं. पाच मिनिटांत थांबवलं. "एनर्जी कम है मॅडम. बच्चा बोअर होयेगा तो पेरेंट पैसा नै देगा." पगार विचारला. "पर कन्व्हर्जन." म्हणजे मूल दाखल झालं तर. शिकलं तर नव्हे.

30 जुलै
एनर्जी!

11 ऑगस्ट
नांदेडहून मामाचा फोन. तिकडे ये, शाळा पुष्कळ आहेत. पुष्कळ आहेत, बंद आहेत. शिवाय माझी टीईटी तेलंगणाची. मामाला ते पटत नाही. त्याच्या लेखी सगळा निजामाचाच मुलूख.

22 ऑगस्ट
गणपती बसवला. खैरताबादचा यंदा नऊ फूट, धन्वंतरीच्या रूपात. गेल्या वर्षी 61 फूट होता. सगळ्यांचेच आकडे उतरलेत.

1 सप्टेंबर
सरकारी डिजिटल वर्ग सुरू झाले. टी-सॅटवर आणि दूरदर्शन यादगिरीवर. दहावीचं गणित लावून बसले. बाईंचा हात चांगला आहे, आकृती सुबक काढतात. पण फळ्यापुढेच उभ्या राहतात. दोनदा मोठ्यांदा म्हटलं, सरका ना. बाबा हसले. मग म्हणाले, यात तुला का नाही घेत? मी आवाज वाढवला. टीव्हीचा.

10 सप्टेंबर
मेट्रो तीन दिवसांपूर्वी सुरू झाली. अमीरपेटेत मुलाखत, म्हणून एमजीबीएसहून निघाले. एक सोडून एक सीटवर बसू नका अशी खूण. डब्यात जेमतेम माणसं.
स्टेशनला जाताना जुन्या सीबीएस बसस्थानकावरून गेले. जागा उघडी पडली आहे. निजामाच्या काळातला तो लोखंडी हँगर 2018 च्या जुलैत कोसळला. बस काही दिवस आधीच बाहेर हलवल्या होत्या, म्हणून जीवितहानी झाली नाही. बाबांनी पहिलं तिकीट त्याच छताखाली फाडलं होतं. त्या दिवशी ते जाऊन बघून आले आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.
अमीरपेट. कोचिंगच्या पाट्यांवर पाट्या, निम्म्या जिन्यांना कुलूप. जाहिरातीत 'काउन्सेलर' होतं. मला वाटलं मुलांशी बोलायचं. काम असं: यादीतल्या आईबापांना फोन करायचे, तुमचं मूल मागे पडतंय म्हणून सांगायचं. मूल न पाहताच. पगार? "बेसिक प्लस इन्सेंटिव्ह." बेसिक किती? "एचआर बतायेंगे." एचआर कुठे? "वर्क फ्रॉम होम."

11 सप्टेंबर
बाबांना सगळं सांगितलं. आकडा मागायला मला अवघड जातं हे त्यांच्या बरोबर लक्षात आलं. "तिकिटाचे पैसे मागायला लाजणारा कंडक्टर मी एकच पाहिला. महिन्यात गेला."
त्यांना पेन्शन तीन हजारही नाही. तीस वर्षं आरटीसी.

25 सप्टेंबर
सिटी बस सुरू. सहा महिन्यांनी. पाव गाड्याच रस्त्यावर आहेत म्हणे. बाबा पुतळीबावलीच्या चौकात जाऊन उभे राहून बघून आले. बसले नाहीत. नुसते बघून आले.

14 ऑक्टोबर
काल दिवसभर आणि रात्रभर पाऊस. मुसी दोन्ही काठ सोडून निघाली. मूसारामबागचा पूल पाण्याखाली. चादरघाटला घरात पाणी, लोक गच्च्यांवर. आमची गल्ली उंचावर, वाचली. आईने आजेसासूबाईंकडून ऐकलेली 1908 ची गोष्ट परत काढली. सप्टेंबरातला तो महापूर, दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून वाचलेली दीडशे माणसं. या घरात प्रत्येक पावसाला ती चिंच निघतेच.
मुलाखतीचा मेल आला होता. दिवसभर वीज नव्हती, रात्री पाहिला. वेळ सकाळी अकराची होती.

17 नोव्हेंबर
पूरग्रस्तांना दहा हजार. अर्ज मी-सेवा केंद्रात. पहाटेपासून रांग. घरमालकीण अम्मांची बहीण चादरघाटची, तिच्यासोबत गेले. तिचा अर्ज भरला. मागच्या बाईने आधार कार्ड पुढे केलं. मग तिच्या मागच्या बाईने. दुपारपर्यंत पायरीवर बसून अर्जच भरत होते. कोणी दहा रुपये देऊ केले, घेतले नाहीत. कोणी केळी दिली, घेतली. एकजण म्हणाली, "टीचर, तुम इधर नौकरी पे लगे क्या?"
अंगठ्याच्या मागे शाईचा डाग. मार्चनंतर पहिल्यांदा.

18 नोव्हेंबर
निवडणूक आयोगाने वाटप थांबवलं. महापालिकेची निवडणूक तोंडावर आहे. कालची रांग फुकट.

5 डिसेंबर
बँकेत अकरा हजार चारशे.

19 डिसेंबर
कळलं की आमच्या शाळेतले तेलुगूचे सर इडलीची गाडी लावतात. मुद्दाम त्या रस्त्याने गेले नाही. मग वाटलं, का नाही गेले? खाऊन यायला हवं होतं.

1 फेब्रुवारी 2021
नववीपासून पुढचे वर्ग भरले. मला बोलावलं नाही. फिजिक्सचे सर गणितही घेतायत. मुलांचे मेसेज येतात, मॅडम कब आते. एकाने प्रमेयावरचं गणित पाठवलं. सोडवून पाठवलं.

23 फेब्रुवारी
भाभींच्या दिराची ओळख. कोठीत इंदरबागेत औषधांची होलसेल एजन्सी. वर जाणारा जिना खोक्यांनी अडलेला, एक माणूस उतरला तरच दुसरा चढतो. शेठ फोनवर. हाताने बसा म्हणाले. दोन वाक्यं संपली आणि:
"मार्ग आता?"
येत नाही म्हटलं. शिकेन.
"गणित की टीचर है ना? सीख जाते. नौ हजार. दस से आठ. संडे छुट्टी. पैली तारीख कू पगार."
सगळं एका दमात. मी मनात तयार केलेले प्रश्न संपलेच.

24 फेब्रुवारी
सहावी ते आठवीही उघडली. शाळेचा फोन नाही.
शाळेत चौदा हजार होते. लिहून ठेवते, नंतर आठवणी गोड होतात.

1 मार्च
पहिला दिवस. मार्ग हे बिलिंगचं सॉफ्टवेअर. बॅच नंबर, एक्स्पायरी, एमआरपी, स्कीम. दहावर एक फुकट असेल तर भाव किती पडतो, हे तोंडी सांगितलं. पॅकिंगचा पोरगा बघतच राहिला. बहुतेक औषधांना बारा टक्के जीएसटी, काहींना पाच. शेकडेवारीचा धडा मी उगाच आंब्यांवर शिकवत होते.

24 मार्च
शाळा पुन्हा बंद, आजपासून. तेलुगूच्या सरांना परत बोलावलं होतं म्हणे. गाडी विकली होती त्यांनी.

8 एप्रिल
खाजगी शाळांच्या शिक्षकांना सरकार महिन्याला दोन हजार आणि पंचवीस किलो तांदूळ देणार. मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. दुकानात रेडिओवर ऐकलं. हातातलं बिल चुकलं नाही.

11 एप्रिल
करस्पाँडंट सरांचा फोन. आपण होऊन! "अकाउंट नंबर भेजो मॅडम, आधार भी. पंधरा तारीख तक लिस्ट देना है. आप तो हमारे स्टाफ हीच हैं." सरकारच्या यू-डायस नोंदीत माझं नाव अजून आहे म्हणे. दहा महिने मी कुठेच नव्हते, तिथे मात्र होते.
घ्यावं की नाही? मी तर कमावतेय. आई: तांदळाला नाही म्हणायचं नसतं. बाबा: नऊ हजार चौदा हजारांपेक्षा कमी आहेत. मी शेठना विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "गौर्मेंट दे री तो लेओ."
पाठवला नंबर.

19 एप्रिल
फोन सकाळी सातपासून. दुकानाचा नंबर कुठल्या तरी यादीत फिरतोय. रेमडेसिविर आहे का? नाही. फॅबिफ्लू? संपलं. डोलो? पाच पत्ते. नाही, आम्ही रिटेल देत नाही. नाही. नाही हो.

23 एप्रिल
एक फोन मराठीत. नांदेडचा माणूस. वडिलांना घेऊन इथे आलाय, दवाखान्याने चिठ्ठी हातात दिली आणि आणा म्हणाले. माझं मराठी ऐकल्यावर त्याचं बोलणं थांबेचना. गाव कुठलं, आमच्याकडचं कोण. माझ्याकडे औषध नव्हतं. ज्या ज्या एजन्सीचे नंबर माहीत होते ते सगळे दिले. परत फोन आला नाही.
मीही केला नाही.

27 एप्रिल
दोन हजार जमा. रेशन दुकानातून तांदूळ, बारीक, सन्न बिय्यम. बाबांनी पोत्याला हात लावू दिला नाही. पोऱ्याला दहा रुपये देऊन आणवलं. रांगेत ओळखीचे चेहरे बरेच. ड्रॉइंगच्या बाई, दुसऱ्या शाळेतले पीटीचे सर. सगळ्यांचे मास्क वरपर्यंत. कोणी कोणाला हाक मारली नाही. रेशनवाला मात्र प्रत्येकाला 'सार', 'मॅडम' म्हणत होता, न चुकता.

12 मे
लॉकडाऊन. सहा ते दहा मोकळीक. औषधांची दुकानं चालू. शेठनी लेटरहेडवर लिहून दिलंय, हुद्दा: बिलिंग. पुतळीबावलीला पोलिसाने वाचलं. "मेडिकल? जाओ." सलाम ठोकला. अकरा वर्षं शिकवलं, कुठल्या पोलिसाने सलाम केला नव्हता.

14 मे
आंध्राच्या सीमेवर रुग्णांच्या ॲम्ब्युलन्स अडवत होते. हायकोर्टाने ते थांबवलं. नांदेडवाल्याची आठवण. तो आधीच आत आला होता.

22 मे
शेठना ताप. चार दिवस दुकान मी आणि पॅकिंगच्या पोराने चालवलं. तो दहावी नापास आहे. ओपन स्कूलचा फॉर्म भरलाय, गणितच अडतंय. जेवणाच्या सुट्टीत समीकरणं. खोक्यांच्या पाठीवर लिहितो. परवा एक खोकं तसंच निजामाबादला गेलं. क्ष बरोबर चार.

3 जून
केंद्राने टीईटी कायमची वैध केली. आधी सात वर्षं होती. 2011 पासून पास झालेल्या सगळ्यांना लागू. बाबांनी पेपरातली बातमी कापून ठेवली. भरती कुठे आहे, हे त्यात नाही.

20 जून
लॉकडाऊन उठला. रात्री गल्लीत फटाका वाजला. कोणाचं लग्न, कोण जाणे.

1 जुलै
शाळा ऑनलाइन सुरू. करस्पाँडंट सरांचा फोन. "मॅडम, आना है. सात, आठ, नौ का मॅथ्स." सॅलरी? "अभी सिच्युएशन आपको मालूम. बाद में बैठ के बोलते."
मी म्हटलं, सर, बसायचं राहू दे. आकडा सांगा.
ते गप्प. मग, "सोच के बताता."

2 जुलै
आई नाराज. मोठ्या माणसाशी असं बोलतात? बाबा खिडकीशी. काही बोलले नाहीत, पण चहा दोनदा घेतला.

4 जुलै
रविवार, पण स्टॉक मोजायचा म्हणून शेठनी बोलावलंय. सरांनी वेळापत्रक पाठवलं, सकाळी साडेसात ते साडेनऊ. दुकान दहाला. चालत बारा मिनिटं. जमेल. वेळापत्रक आहे, आकडा नाही. उलट मेसेज केला: महिन्याचे किती आणि कुठल्या तारखेला, ते लिहून पाठवा, उद्यापासून घेते.
दोन निळ्या खुणा झाल्या आहेत. 'टायपिंग' दिसतंय, थांबतंय, परत दिसतंय.