बुधवारचा बाजार

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बुधवारी पुण्याला जात. वाघोली तेव्हा ग्रामपंचायतच होती, आणि पुणे म्हणजे बसनं जायचं ठिकाण. २०२१च्या जूनअखेर आम्ही महापालिकेत आलो. त्याआधी दोन महिने करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गेल्या. शेवटपर्यंत गावच्याच राहिल्या.

बुधवार हा बिग बझारचा स्वस्ताईचा वार. त्यांच्या माहेरचा आठवडी बाजारही बुधवारचाच, त्यामुळे कंपनीला अक्कल आहे असं त्यांचं मत होतं. पिशवी काउंटरवर ठेवायची, बिल्ला कनवटीला लावायचा आणि थेट गव्हाच्या पिंपाशी. मूठभर गहू तळव्यावर पसरायचा, एक दाणा दाताखाली कटकन फोडायचा, मग भाव बघायचा. ढकलगाडी त्यांनी कधी घेतली नाही. "गाडी घेतली की हात मोकळे ऱ्हातात, आन् हात मोकळे असले की खर्च होतो."

किशोर बियाणींनी २००१ साली हे दुकान काढलं, ते चेन्नईच्या सरवणा स्टोअर्सची गर्दी बघून. पुढं त्यांनी चकचकीत, ऐसपैस मांडणी करून पाहिली, पण लोक आत येऊन तसेच बाहेर पडायचे. मग मुद्दाम दाटी केली, वाटा अरुंद केल्या, धान्य उघडं ठेवलं, कांद्यांत चार डागाळलेले राहू दिले. चांगला निवडून काढला की गिऱ्हाइकाला जिंकल्यासारखं वाटावं, हा हिशेब. मला तो जरा धूर्त वाटतो. आत्याबाईंना मात्र दुकानदार धूर्त असतो यात नवल वाटलं नसतं. नाही तर त्यानं दुकान काढलंच कशाला?

रद्दीच्या बदल्यात कुपनं मिळायची, तेव्हा त्या गल्लीभर फिरून वर्तमानपत्रं गोळा करत. २६ जानेवारी २००६ला 'सबसे सस्ता दिन' सुरू झाला आणि देशभर दुकानांचे दरवाजे गर्दीपुढे अपुरे पडले. आमच्या घरात झेंडावंदन आणि साखर-तेल यांची सांगड तेव्हापासूनची.

२०२०च्या ऑगस्टमध्ये रिलायन्सनं हा सगळा पसारा २४,७१३ कोटींना घ्यायचं जाहीर केलं. ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली. शेंगा सोलता सोलता त्यांनी विचारलं, "म्हंजी बुधवार ऱ्हानार का जानार?" त्यानंतर अ‍ॅमेझॉनची हरकत, सिंगापूरचा लवाद, कोर्टकचेऱ्या. भाडं थकलेल्या कित्येक जागांचे करार तोवर रिलायन्सनं आपल्या नावावर करून घेतले होते. २०२२च्या फेब्रुवारीत तिनं दुकानंच ताब्यात घेतली, एप्रिलमध्ये सौदा फिसकटला, जुलैत बिग बझारची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. देणेकऱ्यांच्या याद्या झाल्या. पुस्तकांचं दुकान बंद पडलं की लेख येतात, इराणी हॉटेल बंद झालं की शेवटचा चहा प्यायला लोक गाड्या काढून जातात. स्वस्त तेल-साबणाच्या दुकानासाठी कोण हळहळणार? पण ज्या बाईनं आयुष्यभर वाण्याच्या फळीबाहेर उभं राहून "काय पायजे?" ऐकलं, तिला तासन् तास हाताळून काहीच न घेता बाहेर पडण्याची मुभा इथंच पहिल्यांदा मिळाली होती. ते कुठल्या यादीत लिहायचं?

आता खडी क्रशरच्या धुरळ्यालगत वाढलेल्या आमच्या सोसायट्यांत पीठ फोनवरून येतं. दाणा बघायचा प्रश्नच मिटला.

भाचा अ‍ॅम्सटलवेनला असतो. तिकडं नेदरलँड्समध्ये ब्लॉकर नावाचं भांडीकुंडी विकणारं दुकान होतं, १८९६ साली होर्न गावात सुरू झालेलं. पुढं देशभर शाखा झाल्या आणि २०२४च्या नोव्हेंबरात दिवाळं निघालं. तिथं निदान शेवटचा सेल लागला. भाचा गेला, रांग बघून परत फिरला. फोनवर हे ऐकताना मला आत्याबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला. दुकान बुडतंय, भाव पडलाय, आन् मेल्या, तू हात हलवत आलास?