दारचेनचा मुक्काम

“परिक्रमा कशी झाली?” कैलास-मानसरोवराहून परतल्यावर मंदिरात, आप्तांकडे, जुन्या सहकाऱ्यांत हाच प्रश्न मला विचारला जाई. प्रारंभी मी मोघम उत्तर देऊन विषय बदलीत असे. आज जे घडले ते लिहितो.

२०१८च्या ऑगस्टमध्ये आम्ही उभयता काठमांडूहून केरुंग, सागा या मार्गाने तिबेटात गेलो. आद्य तीर्थंकर ऋषभदेवांची निर्वाणभूमी डोळ्यांनी पाहावी, ही निवृत्तीपूर्वीपासूनची इच्छा होती. त्यासाठी सहा महिने मी रोज पहाटे आठ किलोमीटर चालत होतो. चिंता होती ती पत्नीच्या गुडघ्यांची. “तुम्हाला झेपेल, पण वहिनींचे काय?” असे निरोपाच्या वेळी अनेकांनी विचारले, आणि ते ऐकून मी मनोमन सुखावलोही होतो.

दारचेन हे कैलासाच्या पायथ्याचे गाव, सुमारे ४,६०० मीटर उंचीवर वसलेले. परिक्रमेचा बावन्न किलोमीटरचा मार्ग येथेच सुरू होतो आणि येथेच संपतो. पोहोचलो त्या रात्री माझे डोके ठणकू लागले. अन्न पोटात ठरेना. सकाळी ऑक्सिमीटरने सत्तर आकडा दाखविला. पुढे डोल्मा खिंड ५,६३० मीटरवर. आमच्या गटातील डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, “काका, तुम्ही येथेच थांबायचे.”

मी वाद घातला. पत्नीने माझी काठी उचलली व म्हणाली, “तुम्ही थांबा. तुमच्या वाटचेही मी चालते.” तिला थांबवावे, असा विचार क्षणभर मनात आला, हे कबूल केले पाहिजे. तो विचार काळजीचा नव्हता.

ते सारे निघून गेले. डोकेदुखी ओसरल्यावर मी मुख्य रस्त्यावर येऊन बसलो. दुतर्फा निवासगृहे, चहाची दुकाने, माळा आणि रंगीत प्रार्थनापताका विकणारी छोटी दुकाने. दक्षिणेस बरखाचे विस्तीर्ण पठार, त्यापलीकडे गुरला मांधाता. उत्तरेकडील टेकड्या चढून गेल्यास कैलासाचे दक्षिणमुख समोर येते. त्या जागेला भारतीय यात्रेकरू अष्टापद म्हणतात. तेथवर चढण्यासही मला मनाई होती.

घड्याळाचीही गंमत. तेथे बीजिंगची वेळ चालते, आपल्यापेक्षा अडीच तास पुढची. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा माझा नियम. पण रात्रीचे साडेआठ वाजले तरी ऊन होते. घड्याळ बाजूला ठेवून मी सूर्याकडे पाहत घरच्या दशम्या खाल्ल्या.

एका दुकानातील वृद्धा मला पाहून रोज स्टूल उन्हात आणून ठेवी आणि गरम पाणी देई. दोघांना एकमेकांची भाषा ठाऊक नव्हती. तिच्या शेजारी एक यात्रेकरू विसावला होता. हातांना लाकडी फळ्या बांधून, प्रत्येक पावलाला दंडवत घालीत तो परिक्रमा करीत होता. कपाळावर घट्टा पडला होता. कित्येक तिबेटी भाविक तीच प्रदक्षिणा एका दिवसात पुरी करतात. आम्ही तीन दिवस लावतो. त्याला मात्र किती दिवस लागले, हे विचारण्याची सोय नव्हती, आणि तोही ते मोजत असावा असे दिसले नाही. मी मात्र घरून निघाल्यापासून किलोमीटर, मीटर आणि नाडीचे ठोके एका वहीत टिपीत आलो होतो. त्या दुपारी वही पिशवीत गेली. डोळे मिटून णमोकार म्हणत बसलो. कितीदा म्हटला, ते मोजले नाही.

तिसऱ्या दिवशी ती परतली. चेहरा उन्हाने काळवंडलेला, चाल मंद, पण पावले स्थिर. मी पुढे होऊन तिच्या पाठीवरची पिशवी घेतली. “गुडघे?” मी विचारले. “आहेत अजून,” ती हसली. मग हलकेच म्हणाली, “खिंडीत तुमच्या नावाने थांबले होते मी.”

आता कोणी विचारले, तर सरळ सांगतो: “हिची परिक्रमा पूर्ण झाली. माझी दारचेनपर्यंत झाली.”