डोंगराची आडवी रेघ

शाळेच्या भिंतीवर डोंगर काढायचा म्हणजे दोन त्रिकोण, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघालेली निळी नदी, काठावर झोपडी आणि वर चार पक्षी. हे चित्र मी पारनेर तालुक्यात किती भिंतींवर काढलं, याची मोजदाद नाही. मागणीच तशी असायची, आणि पाठ झालेलं चित्र हात न अडखळता उतरायचं. आमच्याकडचा एकही डोंगर तसा त्रिकोणी नाही, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. आणि कळलं ते सायकलवर.

मी सुप्याला राहते. ए.टी.डी. केल्यावर काही वर्षं तासिका तत्त्वावर शाळांत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली. आता घरखर्च भिंतींवर चालतो. अंगणवाडी, झेडपीची शाळा, ग्रामपंचायतीचं कार्यालय, जिथून निरोप येईल तिथे जायचं. भिंत घासायची, प्रायमर द्यायचा, तो वाळेपर्यंत डबा खायचा आणि मग परांचीवर चढायचं. माझी स्वतःची चित्रं रात्री आणि सुटीच्या दिवशी. त्यासाठी पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद आणते. तो पाणी धरून ठेवतो. आमच्या कोरड्या हवेत जलरंगाला तेवढाच आधार, नाहीतर एप्रिलमध्ये ब्रश उचलून पुन्हा टेकवेपर्यंत रंग सुकलेला असतो.

आम्ही पाच जण आहोत. एक मूर्तिकार, एक बोर्ड रंगवणारे दादा, एक लग्नाचे फोटो काढणारा, एक पखवाज वाजवणारे सर आणि मी. फ्लेक्स आला तेव्हा दादांचं काम जवळजवळ बसलंच. ज्या हाताने अर्ध्या तालुक्यातल्या दुकानांची नावं लिहिली, त्या हाताला वर्षभर काम नव्हतं. त्यांनी ब्रश मात्र सोडला नाही. आजही रोज सकाळी पाटीवर एक ओळ लिहितात, पुसतात, पुन्हा लिहितात. संध्याकाळी आम्ही मूर्तिकाराच्या शेडमध्ये जमतो. त्या आठवड्यात केलेलं काम मधे ठेवायचं आणि बाकीच्यांनी सरळ बोलायचं, असा आमचा रिवाज आहे. माझ्या एका चित्राकडे बघून पखवाजवाले सर म्हणाले होते, ‘‘यात सम कुठे आहे ते सापडत नाही.’’ त्या एका वाक्यावर मी महिनाभर विचार केला. एकट्या बसलेल्या चित्रकाराला असं कोण सांगणार?

सायकली आल्या त्या दादांच्या साखरेमुळे. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, गुडघे म्हणाले नको, म्हणून त्यांनी मुलाची पडून असलेली सायकल काढली. त्यांना एकट्याला हायवेवर कसं सोडायचं, म्हणून मूर्तिकार गेला. मग एकेक करत सगळेच. माझ्याकडे साधी, बिनगिअरची, पुढे बास्केट असलेली सायकल आहे. बास्केटमध्ये रंगपेटी, पाण्याची बाटली आणि पाठीला पुठ्ठा लावलेले कागद. सुरुवातीला गावात लोक वळून बघायचे. आता ‘‘आज कुणीकडं?’’ एवढंच विचारतात.

रविवारी सकाळी सव्वासहाला निघायचं आणि बहुतेक वेळा राळेगणसिद्धीला जायचं. नगर-पुणे हायवेने वाडेगव्हाणपर्यंत आणि तिथून उजवीकडे आत. हायवेवर एकामागे एक, डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याच्याही डावीकडे. सगळ्यात मागचा मोठी गाडी आली की ‘‘मागून!’’ म्हणून ओरडतो आणि ती हाक पुढेपर्यंत जाते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे जाताना सरळ तोंडावर. सुप्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या जोरात फिरताना दिसल्या की समजायचं, आज पाय भरून येणार. मग पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्या आडोशाला चालवायचं आणि तो दमला की मागे यायचं. यात कुणी कुणाला सांगावं लागत नाही. पुढच्याचे खांदे डुलायला लागले की मागचा आपणहून पुढे सरकतो.

या रस्त्याने मी एस.टी.ने शंभरदा गेले असेन. रस्ता सपाट आहे अशीच माझी समजूत होती. सायकलवर बसल्यावर कळलं की तो सारखा श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. चढ डोळ्यांना दिसायच्या आधी मांड्यांना कळतो. मोरी आली की उतार लागतो, कारण मोरी नेहमी खोलगटातच असते. आणि मोरी ओलांडली की पुन्हा पायडल जड. चार-सहा रविवार गेल्यावर माझ्या लक्षात आलं, पाणी या मुलखातून कसं वाहतं ते मला डोळे मिटूनही सांगता येतंय. जिथे माझी सायकल आपोआप पळते तिकडेच पाणी पळतं.

राळेगणची गोष्ट तर सगळी उताराचीच आहे. पाऊस बेताचा, चार-पाचशे मिलिमीटर, आणि तोही नेमाने येईल असं नाही. जो पडायचा तो डोंगरावरून माती घेऊन निघून जायचा. 1975 साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले. दारूच्या भट्ट्यांत देवळाचं लाकूडसुद्धा जळून गेलं होतं, म्हणून आधी आपल्या फंडाच्या पैशातून त्यांनी यादवबाबांच्या देवळाचं काम काढलं आणि तिथून गाव एकत्र यायला लागलं. पाण्याचं काम सुरू झालं ते गळक्या पाझर तलावाच्या दुरुस्तीपासून. पुरंदरच्या नायगावला पाणी पंचायत उभी करणारे विलासराव साळुंखे यांचं मार्गदर्शनही त्यांनी घेतलं. मग श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, चर, नालाबांध, सामुदायिक विहिरी. हे सगळं मी शाळेत असल्यापासून ऐकत आले, भिंतींवर ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ असं लिहून पैसेही घेतले. पण पाणी अडतं कसं, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

ते दाखवलं मूर्तिकाराने. श्रावणातला एक रविवार होता. गावामागच्या उतारावर सायकली आडव्या टाकून आम्ही चढून गेलो. खालून बघितलं तर नुसतं हिरवं अंग, मधे मधे तरवडाची पिवळी फुलं. वरून आडवं पाहिल्यावर रेघा दिसल्या. एकीखाली एक, डोंगराला वेढा घालत गेलेल्या समतल चरांच्या जुन्या रेघा. काही बुजत आलेल्या, काहींच्या बांधावर झाडं उभी.

‘‘ताई, ही रेघ हातानं काढता येत नाही,’’ मूर्तिकार म्हणाला. पुतळ्याचा चौथरा बसवताना तो पारदर्शक नळी वापरतो. नळीत पाणी भरायचं आणि दोन टोकं दोघांनी धरायची. मधली जमीन कितीही उंचसखल असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर थांबतं. डोंगरावर अशा एका पातळीच्या खुणा करत गेलं आणि त्या फक्कीने जोडल्या की चराची रेघ मिळते. म्हणजे पाणी अडवायची रेघ पाण्यानेच आखून द्यायची. ती कधीच सरळ नसते. डोंगराचं पोट पुढे आलं की तीही पुढे येते, घळ आली की आत शिरते. त्या रेघेवर खणायचं आणि निघालेली माती उताराच्या बाजूला रचायची. वरून पळत आलेलं पाणी तिथे थबकतं, माती टाकतं आणि जमिनीत उतरतं. काम माथ्यापासून सुरू करायचं. खालचा बांध आधी घातला तर वरून आलेल्या गाळाने तो भरून जातो.

मी मात्र चित्रकार म्हणून बघत होते आणि माझा जीव त्या रेघांत अडकला. वस्तूची गोलाई दाखवायला आम्ही छायाप्रकाश वापरतो, उजेडाच्या बाजूला फिकट, पलीकडे गडद. इथे ऊन ढगाआड होतं, सावली कुठेच नव्हती, तरी डोंगराचं पूर्ण अंग डोळ्यांना कळत होतं, फक्त त्या आडव्या रेघांनी. हजारो हातांनी कुदळी मारून काढलेलं एवढं मोठं रेखाचित्र माझ्या घरापासून दोन तासांवर होतं आणि मी आयुष्यभर त्रिकोण काढत होते.

त्या दिवशी मी तीन कागद खराब केले. आधी रेघा काढायचे आणि मग डोंगर त्यांच्यात बसवायला बघायचे. डोंगर मेणचटासारखा पडून राहायचा. दादा शेजारी बसून बघत होते. म्हणाले, ‘‘आम्ही अक्षरं लिहितो तेव्हा शिरोरेघ शेवटी ओढतो. अक्षरांचा तोल आधी बसू दे, मग रेघ त्यांना धरते. तू आधी चढ लिही, रेघ मागून ओढ.’’ चौथ्या कागदावर मी नुसता उतार ओला केला, यलो ऑकरमध्ये थोडा हिरवा सोडला आणि पायांनी सकाळी जसा चढ सोसला होता तसा ब्रश वर ओढला. माथा सपाट ठेवला, कारण तो सपाटच आहे. आमचे डोंगर लाव्ह्याच्या थरांचे, वर पाट मांडल्यासारखे आणि कडेने पायऱ्या पायऱ्यांनी उतरणारे. कागद वाळल्यावर रेघा ओढल्या. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘आली सम.’’

परतताना माझं मागचं चाक बसलं. सराट्याचा काटा टायरमधून आरपार गेला होता. फोटोवाल्याकडे सोल्यूशन, पॅच, पंप सगळं असतं, पण भोक सापडायला पाणी हवं. रस्त्याकडेच्या घरातल्या आजींनी घमेलं भरून आणून ठेवलं. ट्यूबमध्ये हवा भरून ती थोडी थोडी पाण्यात फिरवायची. सगळे वाकून बघत होतो. अचानक मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ वर आली. बोट ठेवून जागा धरली, कोरडी केली, घासली, पॅच दाबला. काम झाल्यावर मी सवयीने घमेलं उचलून रस्त्यावर ओतायला निघाले.

‘‘बाई, सांडू नका. इकडं आना,’’ आजी म्हणाल्या आणि घमेलं माझ्या हातातून घेऊन अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याशी बेताबेताने रिकामं केलं. आळ्यातली माती बोटाने जरा सारखी केली. मी विचारलं, डोंगरावरच्या कामाला तुम्ही होता का? ‘‘व्हते तर. पाटीनं माती वाहिली.’’ एवढंच बोलून त्या घमेलं घेऊन आत गेल्या. मी त्यांचं चित्र काढलं नाही. काढलं असतं तर त्यांना अंगणात उभं करून ठेवावं लागलं असतं आणि चुलीवर त्यांचं काहीतरी शिजत होतं.

आता आमच्या फेऱ्या लांबल्या आहेत. पखवाजवाल्या सरांसाठी पिंपळनेरला संत निळोबारायांच्या समाधीवर जातो. सर तिथे गाभाऱ्यासमोर बसतात आणि आम्ही बाहेर सावलीत चित्रं काढतो. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे काढायला तर एक जन्म पुरणार नाही. भोवऱ्यात सापडलेल्या दगडगोट्यांनी गरगर फिरून काळ्या बेसॉल्टमध्ये रांजण कोरले आहेत. मूर्तिकार तिथे गेला की बोलणं बंद करतो आणि खळग्यांच्या कडांवरून हात फिरवत राहतो.

भिंतींची कामं चालूच आहेत. गेल्या वर्षीपासून मी भिंतीवर आमचा डोंगर काढते. माथा सपाट, अंगावर चरांच्या रेघा, खाली नालाबांध, त्याच्या खाली विहीर आणि विहिरीच्या खालच्या अंगाला कांद्याचं वावर. सगळीकडे तो चालत नाही. एका शाळेत तो पुसून पुन्हा दोन त्रिकोण आणि मधला सूर्य काढून द्यावा लागला. त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण दुसऱ्या एका शाळेत मी परांचीवर असतानाच तिसरीतली एक मुलगी खाली येऊन उभी राहिली. तिने सगळ्यात खालच्या रेघेवर बोट ठेवलं, रंग ओला होता तो बोटाला लागला, आणि मैत्रिणीला म्हणाली, ‘‘हितं पाणी थांबतं. आमच्या रानाच्या वर हाय असं.’’ तिच्या बोटाचा ठसा मी तसाच ठेवला आहे.

माझ्यासारख्या चित्रकला शिकवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. निसर्गचित्राचा तास एकदा वर्गाबाहेर घ्या. मोठ्या मुलांकडे सायकली असतातच. गावातल्या जवळच्या चढापर्यंत त्यांना सायकलने न्या, चढू द्या, दमू द्या आणि मगच कागद हातात द्या. आणि घरातून निघायच्या आधी पंप आठवणीने घ्या, आमच्या भागात सराटे फार आहेत.