जुन्या यंत्राची उमेदवारी

जो खेळ अजून पुरता तयारच झालेला नाहीं, तो खेळावयास मिळावा म्हणून अर्ज करावा लागतो, ही गोष्ट धाकट्या नातवानें सांगेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हती. ‘बीटा’ हें ग्रीक वर्णमालेंतील दुसरें अक्षर. संगणकावरील खेळाची पहिली कच्ची प्रत कर्ते बहुधा आपसांत तपासतात. ही दुसरी प्रत निवडक खेळाडूंच्या हातीं देऊन चुका हुडकून घेतात. पुस्तकांचीं मुद्रितें तपासतात, तशांतलाच हा प्रकार. असल्या खेळांस आम्ही तुच्छ मानीत नाहीं. देवी दुर्गेच्या कृपेनें शस्त्र धरून भावाच्या शोधास निघालेल्या मुलीचा ‘राजी’ हा खेळ पुण्याच्याच मंडळींनीं रचला व २०२० सालीं प्रसिद्ध केला.

अर्जांत आपल्या संगणकाची माहिती भरावयाची असते. तेथें गाडें अडलें. आमचा संगणक विंडोज ७ चा, स्मृति चार जीबी. खेळास किमान आठ हवी. शिवाय हा खेळ ज्या स्टीम नामक दुकानांतून मिळावयाचा, त्यानें १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ शीं संबंध तोडलेला. सुटीस आलेला लेकीचा मुलगा म्हणाला, “अरे, सोळा लिहून टाक! पिंपळनेरास कोण बघायला येणार आहे?” चिरंजीव नवा संगणक घेऊं म्हणाले, म्हणजे माडीच्या गिलाव्याचे पैसे गेले. सूनबाईंच्या मतें दहावीच्या वर्षीं दोन्हीही नकोत.

“आजोबा, काय लिहूं?” नातवानें विचारलें.

आम्ही सांगितलें, चारच लिही. धडा पहिल्या बाकावरच्या मुलांस समजला म्हणजे शिकविणें साधलें, असें मास्तरानें मानूं नये. शेवटच्या बाकावर जाऊन विचारावें. सर्वांनींच सोळा लिहिले तर खेळ निर्दोष ठरेल, आणि साक्री-पिंपळनेरचीं मुलें पैसे भरून बंद पडद्याकडे पाहत बसतील. कर्त्यांनाहि हें कळतें. लोकांचीं यंत्रें कसलीं आहेत याची पाहणी स्टीम दर महिन्यास प्रसिद्ध करतें. बरें, यंत्राची कुंडली मांडणारी सोयहि त्यांतच आहे. तक्रारीसोबत ती मागितली कीं सोळा उघडे पडणार! हें शेवटचें कारण थोरल्यास अधिक पटलें, याचें आम्हांस थोडें वाईट वाटलें.

अनुज्ञा आली. धुळ्याहून चार जीबींची जुनी पट्टी आणून बसविली. विंडोज ११ या यंत्रास परवडण्यासारखी नव्हती, विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं सरलेली. म्हणून फुकट मिळणारी लिनक्स घातली. विंडोजचे पुष्कळसे खेळ तीवर चालविणारी प्रोटॉन नांवाची युक्ति स्टीमनेंच २०१८ पासून दिलेली आहे.

खेळ चालला, पण बैलगाडीच्या गतीनें. आणि पावसाच्या देखाव्यांत तीनदां बंद पडला. प्रत्येक वेळीं काय दाबलें, पडद्यावर काय होतें, हें नातवानें वहींत टिपलें व इंग्रजींत दोन पानें लिहून कर्त्यांकडे धाडलें. आम्ही केवळ क्रियापदें तपासलीं. सूनबाईंनीं तीं पानें दोनदां वाचलीं आणि म्हणाल्या, “प्रयोगवही इतकी नेटकी कधीं लिहिली नाहीस.”

उत्तर अद्याप नाहीं. चाचणी परीक्षा सुरू असल्यानें संगणकावर तूर्त फडकें आहे. त्या पावसापलीकडे काय आहे, तें पाहावयाचें आम्हांसहि राहिलेंच आहे.