मेलं नव्हतं ते!

मुलांनो, आज तुमच्याजवळ एक चूक कबूल करायची आहे. शिक्षकांच्याही चुका होतात, बरं का! माझी ही चूक दोन झाडांना चांगलीच भोवली.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. टिपेश्वरचं अभयारण्य इथून फार लांब नाही. आमच्याकडचं जंगल म्हणजे मुख्यतः सागाचं. सागाचं पान पाहिलंय ना तुम्ही? सुपाएवढं मोठं आणि खरखरीत. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक! आणि गंमत सांगू? हा एवढा मोठा साग आपल्या अंगणातल्या तुळशीच्या कुळातला आहे.

एका जुलैत आम्ही शाळेमागच्या पडीक तुकड्यात सागाची रोपं लावली. प्रत्येक रोपाला एक पालक नेमला. मी नोंदवही केली : रोपाचा नंबर, पालकाचं नाव, उंची, शेरा. पावसाळाभर रोपं मजेत होती. दिवाळीनंतर पानं झडू लागली. मार्च-एप्रिलात आमच्याकडे ऊन कसं असतं ते विदर्भातल्या मुलांना सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत जातो. तीन रोपांच्या तर नुसत्या वाळक्या काड्या उरल्या. वाकवली तर काडकन मोडणाऱ्या.

"सर, माह्यं झाड मेलं जी!" चौथीतली एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

मी जाऊन पाहिलं. तिन्ही रोपांपुढे लाल पेनानं शेरा मारला, 'मेले'. वर सांगितलं, "उपटून टाका. पावसाळ्यात तिथे कडुनिंब लावू."

दोघांनी ऐकलं. गुणी मुलं ती! त्यांनी लगेच रोपं उपटून कुंपणाबाहेर फेकली. त्या मुलीनं मात्र ऐकलं नाही. डबा धुतलेलं पाणी ती रोज त्या काडीच्या बुडाशी ओतायची. मी मनात हसलो. म्हटलं, करू दे, लेकराचा जीव आहे त्यात.

जूनमध्ये शाळा उघडली. मृगाच्या दोन सरी पडून गेल्या होत्या. ती धावतच आली, "सर, चला जी, पहा जी!" त्या वाळक्या काडीच्या बुडाशी, मातीला लागूनच, एक तांबूस कोंब आला होता. त्यावर समोरासमोर दोन चिमुकली पानं. महिन्याभरात तो कोंब जुन्या काडीच्या वर गेला.

मला काही चैन पडेना. ओळखीच्या एका वनरक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "गुरुजी, साग असाच वाढतो. आधी खाली, मग वर."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कोरड्या जंगलात सागाचं लहान रोप उन्हाळ्यात वरून वाळतं. कधी वणव्यात जळतं, कधी गुरं खातात. पण मातीखालचं मूळ जिवंत असतं. पावसाळ्यात पानं जे अन्न तयार करतात, त्यातलं बरंचसं ते मूळ साठवून ठेवतं. पुढच्या पावसात नवा कोंब येतो, उन्हाळ्यात तोही वाळतो. अशी काही वर्षं जातात. मूळ मात्र दरवर्षी जाड होत जातं. मग एका वर्षी त्या भक्कम मुळातून असा जोरदार कोंब निघतो, की पुढचा उन्हाळा त्याला मारू शकत नाही. रोपवाटिकेत याचाच उपयोग करतात. वर्षाच्या रोपाचा शेंडा छाटतात, बोटाएवढं मूळ आणि वर इंचभर खोड एवढंच ठेवतात. त्याला 'जडी' म्हणतात. पाऊस आला की पहारीनं भोक पाडून जडी लावायची, झाला साग!

जगाच्या दुसऱ्या टोकालाही अशी वाट बघणारी झाडं आहेत. न्यूझीलंड आणि चिलीच्या थंड, ओल्या जंगलात 'दक्षिणी बीच' नावाचे वृक्ष असतात. तिथे पाण्याला तोटा नाही, तोटा आहे उजेडाचा. मोठ्या झाडांच्या दाट सावलीत त्यांची रोपं वर्षानुवर्षं बुटकी राहतात. एखादा म्हातारा वृक्ष वादळात कोसळला, की वर आभाळाची खिडकी उघडते आणि ती भराभर उंच होतात. आपल्या सागाला सावली सोसत नाही. त्याला भरपूर ऊन लागतं, आणि त्याच उन्हात टिकायला खोल मूळ लागतं. दोघांची अडचण वेगळी, पण धीर सारखाच.

झाडं स्वतःचीही नोंदवही ठेवतात. सागाच्या खोडात वर्षाला एक वलय उमटतं. पाणी कमी मिळालं की बहुधा अरुंद, भरपूर मिळालं की रुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अशा वलयांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास केला आहे. झाडाच्या नोंदवहीत घाईघाईनं मारलेला शेरा नसतो. माझ्या वहीत होता.

मी कुंपणाबाहेर जाऊन ती फेकलेली दोन रोपं शोधली. मुळं उन्हात वाळून लाकूड झाली होती, पण होती करंगळीएवढी जाड. माझं ऐकलं, त्यांचीच झाडं गेली. त्या दोन मुलांना मी वर्गासमोर सांगितलं, "चूक तुमची नाही रे, माझी." त्यातला एक म्हणाला, "मंग सर, जडी आनू ना दोन!" आम्ही आणल्या.

तिसरा शेरा मी खोडला. त्याजागी काय लिहायचं, ते त्या मुलीलाच विचारलं. तिनं सांगितलं, "हाय, असं लिहा."

तर दोस्तांनो, तुम्ही लावलेलं रोप उन्हाळ्यात वाळलं, तर लगेच उपटू नका. बुडाशी मातीलगत नखानं साल हलकेच खरवडून बघा. आत हिरवं, ओलं दिसलं तर ते जिवंत आहे. आणि नाही दिसलं, तरी एक पाऊस थांबा. तुमच्या गुरुजींनी सांगितलं, तरीसुद्धा!